बोटांना आधी उमगते : डॉ. मारिया माँटेसरी यांचे जीवनकार्य

लहान मुलांच्या शाळेला आपल्याकडे गावोगावी माँटेसरी म्हटले जाते. बालवाडी, शिशुवर्ग या शब्दांइतकाच हा शब्द घरोघरी रुळला आहे. परंतु हे एका इटालियन स्त्रीचे आडनाव आहे, ती स्त्री पेशाने डॉक्टर होती आणि उतारवयातील कित्येक वर्षे तिने भारतात व्यतीत केली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्या थोर विदुषीच्या जीवनाचा परिचय वाचकांना करून द्यावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

प्रस्तुत लेखक शिक्षणतज्ज्ञ नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वडिलांच्या कापड दुकानात बसलो, तो आजतागायत. मात्र या व्यवसायाने एक गोष्ट शिकवली. तागा समोर आला की डोळ्यांआधी बोटांना कळते. सुतात मिसळ किती, पोत कसा, धुतल्यावर कापड आटेल की नाही, याचा अंदाज अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत येतो. तो पुस्तक वाचून येत नाही. डॉ. माँटेसरी यांचे चरित्र प्रथम वाचनात आले तेव्हा जाणवले, की आमच्या धंद्यातील हेच साधे सत्य त्यांनी बालशिक्षणाच्या पायाशी ठेवले आहे.

डॉक्टर ते शिक्षिका

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील कियारावाल्ले या गावी झाला. वडील सरकारी नोकरीत होते, आई वाचनाची आवड असलेली. पुढे कुटुंब रोम येथे स्थायिक झाले. मुलींनी फार तर शिक्षिका व्हावे, अशा त्या काळात मारिया यांनी मुलांच्या तांत्रिक शाळेत गणिताचा अभ्यास केला आणि नंतर वैद्यकाकडे वळल्या. १८९६ साली त्यांनी रोम विद्यापीठाची वैद्यकीय पदवी संपादन केली. इटलीत हा मान मिळवणाऱ्या अगदी पहिल्या काही स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते.

रोममधील मनोरुग्णालयाच्या कामात त्यांचा मतिमंद समजल्या जाणाऱ्या मुलांशी संबंध आला. ओक्याबोक्या खोल्यांत डांबलेल्या त्या मुलांच्या हातांना काही कामच नव्हते. इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचे ग्रंथ अभ्यासून मारिया यांनी अशा मुलांसाठी हाताळण्याचे साहित्य तयार केले. त्यांतील काही मुले पुढे सर्वसाधारण मुलांच्या बरोबरीने लेखन-वाचनाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी चमत्कार म्हणून टाळ्या वाजवल्या. मारिया यांच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न उभा राहिला. ही मुले एवढी मजल मारतात, तर निरोगी मुले शाळेत इतकी मागे का राहतात? या एका प्रश्नाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

सान लोरेंझोचे बालगृह

रोममधील सान लोरेंझो ही गरीब कष्टकऱ्यांची वस्ती. तेथील चाळींची डागडुजी एका गृहनिर्माण संस्थेने केली होती. परंतु आईबाप कामावर गेल्यावर मागे राहिलेली मुले भिंती खराब करीत. त्यांना एका खोलीत सांभाळण्यासाठी संस्थेने डॉ. माँटेसरी यांना पाचारण केले. अशा रीतीने ६ जानेवारी १९०७ रोजी पहिले बालगृह सुरू झाले. मुले पन्नास-साठ, वये साधारण तीन ते सहा. मदतीला शिक्षिकेचे प्रशिक्षण नसलेली एक साधी स्त्री.

तेथील साहित्याचे वर्णन वाचताना कापडाच्या व्यापाऱ्याला कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. लाकडी चौकटींवर कापड ताणून त्यांवर बटणे, हूक आणि नाड्या लावलेल्या असत. मूल त्या लावी, काढी, आणि नकळत त्याची बोटे लेखणी धरण्यास तयार होत. मखमल, साटीन, रेशीम, लोकर, सुती, जाडे आणि तलम लिनन यांचे तुकडे असत. डोळे बांधून नुसत्या स्पर्शाने ते ओळखायचे. रेशमी धागा गुंडाळलेल्या पट्ट्या असत, आठ रंग आणि प्रत्येकाच्या आठ छटा, अशा चौसष्ट. आमच्या दुकानात नव्या माणसाला शेडकार्डावर नजर बसवण्यास महिने लागतात. तेथे चार वर्षांचे मूल गडद छटेपासून फिकट छटेपर्यंत ओळ लावीत असे.

हातातून अक्षर

इतक्या लहान मुलांना लिहायला शिकवण्याचा डॉ. माँटेसरी यांचा प्रारंभी विचार नव्हता. वस्तीतील अशिक्षित मातांनीच तसा आग्रह धरला. महागडी लाकडी अक्षरे करून घेणे शक्य नव्हते. तेव्हा सुतार वापरतात त्या खरखरीत कागदाची अक्षरे कापून ती गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवण्यात आली. मूल अक्षरावरून लिहिण्याच्याच दिशेने दोन बोटे फिरवी आणि त्याच वेळी त्याचा ध्वनी उच्चारी. बोट रेषेबाहेर गेले तर गुळगुळीत लागे. चूक शिक्षिकेने दाखवण्याची गरजच नसे. डोळे, कान आणि हात अशा तीन वाटांनी अक्षर मनात उतरे. सोबत पुठ्ठ्याची सुटी अक्षरे असत. ती जुळवून, हाती लेखणी न धरताच, मुले शब्द तयार करीत. इटालियन भाषा आपल्या मराठीप्रमाणेच बहुतांशी उच्चाराबरहुकूम लिहिली जाते, याचाही लाभ झाला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात एका उबदार दिवशी मुले गच्चीवर होती. डॉ. माँटेसरी यांनी पाच वर्षांच्या एका मुलाला खडूने धुराड्याचे चित्र काढण्यास सांगितले. चित्र काढून होताच त्याच्या लक्षात आले, की आपल्याला लिहिताही येते. त्याने फरशीवर हात, धुराडे, छप्पर असे शब्द आपल्या भाषेत भराभर लिहिले. ते पाहून इतरांनीही खडू मागितले. लेखन कोणी वेगळे शिकवलेच नव्हते. हात आधीच तयार झाले होते. वाचन त्यानंतर आले. वस्तूंची नावे लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचून ज्या त्या वस्तूजवळ ठेवणे हा मुलांचा आवडता खेळ झाला.

हातातून हिशेब

गणिताचीही हीच रीत. लाल-निळ्या पट्ट्यांच्या दहा दांड्या. सर्वांत लहान दहा सेंटिमीटरची, सर्वांत मोठी बरोबर एक मीटरची, म्हणजे आमच्या दुकानातील मोजपट्टीएवढी. नऊच्या दांडीला एकाची जोडली, आठच्या दांडीला दोनाची जोडली, की दोन्ही वेळा दहाची लांबी भरते. बेरीज पाठ करावी लागत नाही, ती समोर आडवी पडलेली दिसते.

दुसरे साधन दहा कप्प्यांच्या पेटीचे. त्यांवर शून्य ते नऊ अंक, आणि सोबत सूतकताईच्या चातीसारख्या पंचेचाळीस काड्या. प्रत्येक कप्प्यात अंकाइतक्या काड्या ठेवायच्या. शेवटी एक उरली किंवा कमी पडली, तर मोजणीत चूक झाली हे मूल स्वतःच ओळखते. शून्याचा कप्पा रिकामाच राहतो. शून्य शिकवण्यासाठी त्या एक खेळही खेळत. आपल्याकडे शून्य वेळा येण्यास मुलांना सांगत. मुले धावत येत, आणि मग तुम्ही तर एकदा आलात, असे त्या हसून लक्षात आणून देत. हळूहळू मुले जागेवरून न हलता हसू लागत. रोजमेळ लिहिणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांना शून्याची किंमत ठाऊक असते. परंतु ती इतक्या लहान वयात अशी अंगात मुरवता येते, याची कल्पना नव्हती.

पुढे त्यांनी मण्यांचे साहित्य सिद्ध केले. एक सुटा मणी, दहा मण्यांची सळई, दहा सळयांचा शंभराचा चौरस आणि दहा चौरसांचा हजाराचा घन. हजार म्हणजे एकावर तीन शून्ये, हे आपण पाठ केले. त्या मुलांनी हजार दोन्ही हातांत उचलून त्याचे वजन अनुभवले.

कीर्ती आणि उणिवा

१९०९ साली त्यांचा पद्धतीविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि कीर्ती युरोप-अमेरिकेत पसरली. १९१५ साली सान फ्रान्सिस्को येथील जागतिक प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग लोकांनी गर्दी करून पाहिला. १९३१ साली महात्मा गांधींनी लंडनमध्ये त्यांच्या प्रशिक्षण संस्थेला भेट दिली. चरित्र लिहिताना उणे लपवू नये. साहित्यात आणि प्रशिक्षणात कोणी फेरफार केलेला त्यांना खपत नसे. त्यामुळे अनेक सहकारी दुरावले. काही वर्षे त्यांनी मुसोलिनीच्या राजवटीचा आश्रय स्वीकारला. पुढे मतभेद विकोपास गेले आणि १९३४ साली इटलीतील त्यांच्या शाळा बंद पडल्या.

त्यांच्या आयुष्यात एक खोल वेदनाही होती. १८९८ साली त्यांना मारिओ हा पुत्र झाला. विवाह झाला नव्हता, त्यामुळे बाळ खेड्यातील एका कुटुंबाकडे ठेवावे लागले. जगाच्या मुलांसाठी झटणारी ही माता स्वतःच्या मुलाला त्याच्या बालपणी केवळ अधूनमधून भेटत राहिली. किशोरवयात तो त्यांच्याकडे आला आणि आजन्म सहकारी झाला. परंतु समाजात त्याला दीर्घकाळ पुत्र म्हणून ओळख देता आली नाही.

भारतातील वास्तव्य

१९३९ च्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मायलेक मद्रासजवळील अड्यार येथे आले. ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्यांत वर्ग भरले आणि तीनशेहून अधिक शिक्षक शिकले. मारिया इटालियनमध्ये बोलत, मारिओ इंग्रजीत सांगत. जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरली आणि इंग्रज सरकारने मारिओ यांना आपल्या अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे स्थानबद्ध केले. मारिया यांना अड्यारची हद्द सोडण्यास मनाई झाली. ३१ ऑगस्ट १९४० या त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी व्हाइसरॉयने मारिओ यांची सुटका केली. सुटकेच्या संदेशात त्यांचा उल्लेख पुत्र असा होता. ज्या नात्याला इतकी वर्षे उघड नाव नव्हते, त्याला परक्या देशात ते नाव मिळाले.

भारतात या विचाराचे बीज मात्र त्याआधीच रुजले होते. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. १९२३ साली ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. महागडे साहित्य गरिबांच्या मुलांना परवडणार नाही, हे ताराबाईंनी ओळखले. १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ नंतर कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी बिया, खडे, शिंपले, पाने यांचेच शैक्षणिक साहित्य केले. माँटेसरींनी दिलेले तत्त्व त्यांनी घेतले आणि पेटी आपल्या मातीची केली.

डॉ. माँटेसरी यांचे ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये निधन झाले.

आपल्यापुरते

काही वर्षांपूर्वी माझ्या चार वर्षांच्या नातवाला मीच रोज एक ते शंभर लिहावयास बसवीत असे. एके दिवशी पेन्सिल टाकून तो रडू लागला, आणि मी त्यालाच रागावलो. पुढे हे चरित्र हाती आले आणि स्वतःची लाज वाटली. दुकानातील बटणांचा डबा त्याच्यापुढे ठेवला. दहा-दहा बटणे दोऱ्यात ओवून त्याने दहा माळा केल्या आणि शंभर झाले, हे मला येऊन सांगितले. ते त्याला कोणी शिकवले नव्हते.

आपल्या समाजात दातृत्वाला तोटा नाही. शाळेच्या खोलीवर नावाची फरशी लावण्यास देणगीदार पुढे येतात; मण्यांच्या सळया आणि खरखरीत अक्षरे यांसाठी क्वचितच कोणी येतो, कारण त्यांवर नाव कोरता येत नाही. पुढील पन्नास वर्षांच्या उंबरठ्यावर बालवर्गांच्या इमारतीबरोबरच तेथील चिमुकल्या हातांत काय पडते, याचाही विचार आपण करावा. डॉ. मारिया माँटेसरी यांच्या स्मृतीस तेच खरे अभिवादन ठरेल.