यशवंतराव चव्हाण आणि घरी परतलेला जवान



२५ नोव्हेंबर ही यशवंतराव चव्हाण यांची पुण्यतिथी. तिच्यानंतर बाराच दिवसांनी, ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो. त्या दिवशी आपण छातीला छोटा ध्वज लावतो, पेटीत पाच-दहा रुपये टाकतो आणि पुढच्या वर्षीपर्यंत विसरून जातो. या दोन तारखा जवळ आल्या आहेत, म्हणून यशवंतरावांचे चरित्र आज थोडे वेगळ्या बाजूने सांगावे असे आम्हांला वाटले. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री म्हणून ते आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत. लष्करातून सुटून गावी आलेल्या माणसाला पुढे कोणते काम मिळावे, या प्रश्नाशी त्यांचा किती जवळचा संबंध आला, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी, आजोळी झाला. चव्हाणांचे मूळ गाव विटा. आज ही दोन्ही गावे सांगली जिल्ह्यात आहेत, पण तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. हा सगळा मुलूख साताऱ्याचा. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे यशवंतराव दोन्ही जिल्ह्यांचे, यात भांडण नको!

वडील बळवंतराव कराडच्या कोर्टात बेलिफ होते. यशवंतराव अगदी लहान असतानाच ते प्लेगमध्ये गेले. आई विठाबाई यांनी मुलांना वाढवले. शिकलेल्या नव्हत्या, पण मुलांचे शिक्षण त्यांनी थांबू दिले नाही. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना यशवंतराव स्वातंत्र्याच्या चळवळीत आले. १९३२ मध्ये त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बी. ए., पुण्याहून वकिलीची पदवी, १९४२ मध्ये फलटणच्या वेणूताईंशी विवाह आणि लगेच भूमिगत जीवन. १९४६ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. हा भाग आपल्याकडे बहुतेकांना पाठ आहे, म्हणून आम्ही तो भरभर सांगितला.

आता त्यांच्या मुलखाकडे पाहू. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. गावोगावी अशी फौजी घरे आहेत. शौर्याची परंपरा हे त्याचे एक कारण खरेच. पण दुसरे कारण जमिनीचे आहे. माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जत या पट्ट्यात पाऊस कमी, शेत दोन-तीन एकर आणि वाटेकरी चार भाऊ. धाकट्याने भरती व्हायचे, दरमहा मनिऑर्डर पाठवायची, हा घराचा हिशोबच होता. आपल्या धर्मग्रामातील ज्या घरांत कोणी फौजी आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

पण या हिशोबाची दुसरी बाजू आहे. शेत पुरत नाही म्हणून जो गेला, तो परत येतो तेव्हा शेत तेवढेच असते. आणि तो म्हातारा होऊन येत नाही. साधा शिपाई पस्तिशी-चाळिशीच्या आत घरी येतो. मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात, पेन्शन बेताचीच असते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी सैन्यात सुमारे २५ लाख माणसे होती. १९४७ पर्यंत त्यांतली बहुतेक घरी पाठवली गेली. यशवंतराव आमदार म्हणून मुंबईला गेले, तो नेमका हा काळ. साताऱ्यात तेव्हा आणखी एक फौज मोकळी झाली होती. प्रतिसरकारच्या तुफान सेनेतील तरुण बंदुका ठेवून शेताकडे वळत होते. त्यांतल्या काहींनी पुढे शाळा काढल्या, पाणीपुरवठ्याच्या योजना केल्या, सहकारी साखर कारखाने उभे केले. कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी ही त्यांतली ठळक नावे. अंगात शिस्त आहे, माणसे हाताळण्याची सवय आहे, अशा माणसाच्या हाती काम दिले तर तो काय करू शकतो, हे आपल्या दोन जिल्ह्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि यशवंतराव मुख्यमंत्री राहिले. पुढच्याच वर्षी, २३ जून १९६१ रोजी, साताऱ्यात सैनिक स्कूल सुरू झाले. देशातले ते पहिले. फौजेत शिपाई म्हणून जाणाऱ्या मुलखातून अधिकारीही जावेत, हा त्यामागचा विचार होता. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपण ज्याला नुसते एम. आय. डी. सी. म्हणतो ते, स्थापन झाले. सहकारी साखर कारखान्यांना त्यांनी बळ दिले. फौजेतून आलेल्या किती फिटरांना, ड्रायव्हरांना या कारखान्यांनी घराजवळ काम दिले, याची मोजदाद कोणी केलेली नाही, पण कृष्णाकाठच्या कारखान्यांत अशी माणसे शोधावी लागत नाहीत.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले. नोव्हेंबरमध्ये पंडित नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीला बोलावून संरक्षणमंत्री केले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असे तेव्हा महाराष्ट्रात घरोघर म्हटले जाई. हरलेल्या, खचलेल्या सैन्याची पुन्हा उभारणी करायची होती. सैन्याची संख्या सव्वाआठ लाखांपर्यंत नेण्याचे ठरले. जवान मिळत होते. अधिकारी कोठून आणायचे? नेहमीच्या प्रशिक्षणाला वेळ नव्हता. म्हणून कॉलेजातून बाहेर पडलेल्या, नोकरीला लागलेल्या तरुणांना इमर्जन्सी कमिशन देण्यात आले. मद्रास आणि पुणे येथे खास शाळा उघडल्या, काही महिन्यांत त्यांना तयार केले आणि खांद्यावर तारे लावून सीमेवर पाठवले. १९६५ च्या पाकिस्तान युद्धात यांतले कित्येक जण लढले. काही परत आले नाहीत.

युद्ध संपले आणि प्रश्न उभा राहिला. हे कमिशन कायमचे नव्हते. काहींना सैन्याने ठेवून घेतले, बाकीच्यांना टप्प्याटप्प्याने मोकळे करायचे ठरले. ज्याने बाविसाव्या वर्षी वकिली किंवा बँकेची नोकरी सोडली, तो आता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. त्याच्या बरोबरीचे पुढे निघून गेलेले, स्पर्धा परीक्षेचे वय उलटलेले आणि पेन्शन मिळावी इतकी नोकरीही झालेली नाही.

इथे यशवंतरावांच्या चरित्रातला एक योग सांगण्यासारखा आहे. नोव्हेंबर १९६६ मध्ये त्यांच्याकडे गृहखाते आले. त्या काळी सनदी सेवांचा कारभार गृहखात्याकडेच होता. ज्या मंत्र्याच्या कारकिर्दीत हे तरुण सैन्यात आले, त्याच मंत्र्याच्या खात्याकडे आता त्यांच्या पुढच्या वाटेची किल्ली होती. १९६७ मध्ये नियम झाले. सैन्यातून मोकळ्या झालेल्या या अधिकाऱ्यांसाठी प्रशासन सेवा, पोलीस सेवा आणि इतर केंद्रीय सेवांत काही जागा राखून ठेवल्या गेल्या. वयाची अट मोजताना आजचे वय न धरता ते प्रशिक्षणाला गेले तेव्हाचे वय धरले जाई. आम्हांला ही तरतूद फार न्यायाची वाटते. देशाला दिलेली वर्षे त्या माणसाच्या खात्यातून वजा करायची नाहीत, एवढाच तिचा अर्थ. सीमा सुरक्षा दल १९६५ च्या डिसेंबरात नुकतेच स्थापन झाले होते. तेथेही अनेकांना जागा मिळाली. पुढे कलेक्टर, पोलीस प्रमुख म्हणून देशभर नाव मिळवलेल्यांत या वाटेने आलेले पुष्कळ होते.

आणि साधा जवान? त्याच्यासाठी १९६६ च्या जुलैपासून, म्हणजे यशवंतराव संरक्षणमंत्री असतानाच, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत राखीव जागा सुरू झाल्या. तिसऱ्या वर्गात १० टक्के आणि चौथ्या वर्गात २० टक्के. सुरुवातीला ही सोय दोन वर्षांपुरती होती, नंतर ती वाढत गेली आणि १९७९ मध्ये तिचे पक्के नियम झाले. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांतही आज माजी सैनिकांना १५ टक्के आरक्षण आहे.

हे सगळे एकट्या यशवंतरावांनी केले असे आम्ही म्हणणार नाही. मंत्रिमंडळे असतात, सचिव असतात, फाईली असतात. त्यात उणीवही राहिली. अधिकाऱ्याला कलेक्टरच्या खुर्चीपर्यंत वाट मोकळी झाली. जवानाची वाट कारकून आणि शिपाई इथेच थांबली. सैन्यात वायरलेस चालवणारा, तोफेचे अंतर गणिताने काढणारा, रणगाड्याचे इंजिन खोलून पुन्हा बसवणारा, जखमीला सलाईन लावणारा माणूस बाहेर आला की त्याला बँकेच्या दारात बंदूक देऊन उभे करायचे, हे अजून सुटलेले नाही. ते काम हलके आहे असे नाही, प्रामाणिकपणे केलेले कोणतेच काम हलके नसते. पण जे हात इंजिन दुरुस्त करतात, त्यांना नुसते दार राखायला लावण्यात नुकसान त्या माणसाचे आहे, तसे आपलेही आहे. शिवाय राखीव जागा पुरत्या भरल्याच जात नाहीत, ही माजी सैनिकांची जुनी तक्रार. सैन्यातील कामाचे प्रमाणपत्र बाहेरचा मालक ओळखत नाही, ही दुसरी.

प्रश्न जुना झालेला नाही. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. तिच्यात मुले चार वर्षांसाठी जातात आणि योजना जाहीर झाली तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्यांतल्या फार तर पाव मुलांना कायम केले जाते. बाकीची हाती ठरावीक रक्कम घेऊन, पेन्शनशिवाय, एकविशी-पंचविशीत घरी येणार. पहिली तुकडी २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला लागली. १९६७ सालच्या त्या तरुण लेफ्टनंटांचा प्रश्न आता शिपायाच्या घरी आला आहे. ज्यांची मुले किंवा भाचे-पुतणे तिकडे आहेत, त्यांनी आतापासून विचारपूस केलेली बरी. सातारा आणि सांगली या दोन्ही ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. माजी सैनिकाने डिस्चार्ज बुक घेऊन तेथे नाव नोंदवायचे असते. कित्येक जण हेही करत नाहीत आणि मग वर्तमानपत्रातली जाहिरात निघून गेल्यावर हळहळतात. नोकरी असताना शिकलेल्या कामाची प्रमाणपत्रे, कोर्सचे दाखले जपून आणायला मुलांना आवर्जून सांगा. सुटीवर येताना मिठाईबरोबर तेही येऊ द्या.

यशवंतराव पुढे अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री आणि १९७९ मध्ये काही महिने उपपंतप्रधान झाले. शेवटची वर्षे एकाकी गेली. मूलबाळ नव्हते. १९८३ च्या जूनमध्ये वेणूताई गेल्या आणि ते फार खचले. तरीही आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी काम पूर्ण केले, आपल्या आठवणींचा पहिला भाग ‘कृष्णाकाठ’ लिहून प्रसिद्ध केला. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांना कराडला आणण्यात आले. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात, त्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. वेणूताईंच्या नावाने त्यांनी उभारलेल्या कराडच्या स्मारकात त्यांची पुस्तके ठेवलेली आहेत.