एलिझाबेथ रायन : साथीचे सामर्थ्य

तबल्याची साथ उत्तम असली म्हणजे गायन रंगते. पण मैफल संपल्यावर श्रोते नाव घेतात ते गवयाचेच. टेनिसच्या मैदानावरही बहुधा हाच न्याय चालतो. एकेरी सामना जिंकणाऱ्याचा जयजयकार होतो. दुहेरीतील खेळाडूंची आठवण फारशी कोणी ठेवीत नाही. या न्यायाला अपवाद ठरलेली खेळाडू म्हणजे एलिझाबेथ रायन.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, अ‍ॅनाहाइम या गावी १८९२ साली तिचा जन्म झाला. तरुणपणीच ती इंग्लंडला आली आणि तेथेच रमली. १९१४ साली झारच्या अमदानीतील रशियाची अखेरची एकेरी स्पर्धा तिने जिंकली. त्याच वर्षी अ‍ॅगाथा मॉर्टन हिच्या जोडीने विंबल्डनचे पहिले दुहेरी अजिंक्यपदही मिळविले. पुढे महायुद्ध पेटले आणि चार वर्षे विंबल्डनचे हिरवे मैदान ओस पडले.

१९१९ साली स्पर्धा पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा फ्रान्सची सुझान लांग्लेन तिची जोडीदारीण झाली. सुझान म्हणजे जणू लखलखती वीजच! एलिझाबेथचा खेळ निराळ्या घाटाचा होता. चेंडूला कापल्यासारखा फटका मारून ती त्याला विलक्षण फिरकी देई आणि जाळ्याजवळ उभी राहून, टप्पा पडण्यापूर्वीच, तो परतवून लावी. या दोघींनी विंबल्डनचे दुहेरी अजिंक्यपद सहा वेळा जिंकले. तेथे एकत्र खेळताना त्या एकदाही हरल्या नाहीत. १९२६ साली मात्र सुझानने आपल्याच देशाची जोडीदारीण घेतली. दैवयोग असा, की पहिल्याच फेरीत एलिझाबेथ आणि मेरी ब्राउन यांच्याशी त्यांची गाठ पडली. पहिला डाव गमावूनही एलिझाबेथच्या जोडीने तो सामना जिंकला, आणि पुढे अजिंक्यपदही!

मोठ्या स्पर्धांच्या एकेरीत मात्र यशाने तिला सतत हुलकावणी दिली. १९२६ साली अमेरिकेच्या अंतिम सामन्यात मोला मॅलरी हिच्याविरुद्ध निर्णायक डावात ४-० अशी आघाडी असूनही तो डाव तिने ७-९ असा गमावला. विंबल्डनच्या अंतिम सामन्यात ती दोनदा पोचली आणि दोन्ही वेळा हरली. १९२१ साली तिला हरविणारी होती सुझान. १९३० साली, हेलन विल्स मूडी. आणि नवल हे, की त्या दोन्ही वर्षी दुहेरीचे अजिंक्यपद तिने मिळविले ते याच मैत्रिणींच्या खांद्याला खांदा लावून! जिने आपल्या हातचे यश हिरावून नेले, तिच्याच यशासाठी पुन्हा घाम गाळावयाचा, यास मन किती मोठे हवे!

१९३४ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, फ्रान्सच्या सिमोन मात्यू हिच्यासह तिने विंबल्डनचे अखेरचे अजिंक्यपद जिंकले. महिला दुहेरीची १२ आणि मिश्र दुहेरीची ७, अशी एकूण १९ अजिंक्यपदे तिच्या नावावर जमा झाली. त्याच वर्षी व्यावसायिक होऊन ती इतरांना खेळ शिकवू लागली. १९७२ साली आंतरराष्ट्रीय टेनिस कीर्तिमंदिरात तिला मानाचे स्थान मिळाले.

तिचा विक्रम ४५ वर्षे अबाधित राहिला. १९७५ साली बिली जीन किंग हिने त्याची बरोबरी केली. ६ जुलै १९७९ रोजी विंबल्डनच्या आवारातच एलिझाबेथची प्रकृती एकाएकी बिघडली आणि त्याच दिवशी तिचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी बिली जीनने विसावे अजिंक्यपद जिंकले. आपला विक्रम मोडलेला पाहण्याचा प्रसंग एलिझाबेथवर आला नाही!

२००३ साली मार्टिना नवरातिलोवा हिनेही विसाचा आकडा गाठला, तो मिश्र दुहेरीत, आणि तिच्या साथीला होता मूळच्या गोमंतकीय घराण्यातील लिअँडर पेस. म्हणजे या परंपरेचा एक धागा आपल्या गोमंतकापर्यंतही येऊन पोचतो.

विद्यार्थी मित्रहो, प्रत्येकाच्या वाट्याला पहिला क्रमांक येतोच असे नाही. परंतु शेजारी उभ्या असलेल्याचे बळ वाढविणे हेही कर्तृत्वच आहे. एलिझाबेथने विंबल्डनच्या एकेरीचा मुकुट कधीच धारण केला नाही. तरीही विंबल्डनचा इतिहास तिच्यावाचून पुरा होत नाही.