सर्पगंधेला मोजमापाची कसोटी लावणारे डॉ. रुस्तम वकील

रावेर - सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या रावेरकरांना झाडपाल्याच्या औषधांचे अप्रूप नाही. मात्र अशाच एका मुळीने मनोविकारांवरील आधुनिक औषधांच्या इतिहासात मानाचे स्थान मिळविले आणि तिच्याकडे जगाचे लक्ष वेधण्यात मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञाचा मोठा वाटा होता, हे फारसे सांगितले जात नाही. ती मुळी सर्पगंधेची आणि ते डॉक्टर म्हणजे रुस्तम जाल वकील.

डॉ. वकील यांचा जन्म १९११ मध्ये मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून ते मुंबईस परतले आणि केईएम रुग्णालयात रुग्णसेवा करू लागले. उच्च रक्तदाबावर त्या काळी खात्रीचे औषध नव्हते.

सर्पगंधेचा वापर आपल्याकडे पूर्वापार होत होता. बिहार-बंगालकडे तर ती वेडावरचे औषध म्हणूनच ओळखली जाई. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये मनोविकार व रक्तदाब या दोन्हींवरील तिचा गुण नोंदविला होता. परंतु ही माहिती देशाबाहेर फारशी पोहोचली नाही. डॉ. वकील यांनी ५० रुग्णांना हे औषध देऊन त्यांच्या रक्तदाबाच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. परंपरेने सांगितलेला गुण आकड्यांत मांडला गेला, तेव्हा पाश्चात्त्य डॉक्टरांनी त्याची दखल घेतली.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी मुळीतील रेसर्पिन हा घटक वेगळा केला. १९५४ मध्ये अमेरिकेतील डॉ. नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याच्या वापराचे अनुभव प्रसिद्ध केले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये क्लोरप्रोमॅझिनचा उपयोग सुरू झाला होता. वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेल्या रुग्णांना प्रथमच औषधाचा आधार मिळाला. १९५७ चा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार क्लाइन आणि क्लोरप्रोमॅझिनच्या संशोधकांबरोबर डॉ. वकील यांनाही देण्यात आला. पुढच्याच वर्षी ते पद्मभूषण झाले.

तथापि या औषधाची दुसरी बाजूही लवकरच उघड झाली. रेसर्पिनमुळे मेंदूतील डोपामिनसारख्या रसायनांचा साठा रिकामा होतो. त्यामुळे भ्रम व प्रक्षोभ ओसरतो, पण त्याच कारणाने हातापायांना कंप सुटतो, सुस्ती येते आणि काहींना नैराश्य ग्रासते. गुण आणि दोष एकाच मुळाशी होते. मनोविकारांवरील उपचारात रेसर्पिन पुढे मागे पडले.

त्याची जागा घेणारी औषधे प्रामुख्याने डोपामिनच्या कार्याला अटकाव करतात. क्लोरप्रोमॅझिन, हॅलोपेरिडॉल ही पहिल्या पिढीतील होत. त्यांनी स्नायू ताठरणे, कंप, अस्वस्थता असे त्रास होऊ शकतात. दीर्घकाळ घेतल्यास तोंडाच्या व जिभेच्या अनैच्छिक हालचालीही जडू शकतात. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्लोझापिन ही दुसऱ्या पिढीतील. त्यांत असे त्रास सहसा कमी असले, तरी वजन व रक्तातील साखर वाढण्याचा धोका असतो. क्लोझापिनमुळे पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून नियमित रक्ततपासणी आवश्यक ठरते.

या त्रासांना कंटाळून किंवा बरे वाटू लागताच अनेक रुग्ण गोळ्या परस्पर बंद करतात आणि आजार पुन्हा उलटतो. त्रास होत असल्यास मात्रा कमी करणे वा औषध बदलणे शक्य असते. मात्र तो निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो. गोळ्यांऐवजी जंगलातील सर्पगंधेची मुळी स्वतःच उगाळून घेणे तर अधिकच धोक्याचे, कारण त्यात औषधाचे प्रमाण किती, हे कळत नाही आणि रक्तदाब एकाएकी खाली येऊ शकतो.

डॉ. वकील यांचे १९७४ मध्ये निधन झाले. ज्या मुळीने त्यांना कीर्ती दिली, तिच्यावरही त्यांनी नुसता विश्वास ठेवला नाही. रुग्णागणिक तिचा परिणाम मोजून पाहिला. औषध वनातले असो वा कारखान्यातले, त्याचा गुण आणि अवगुण दोन्ही तपासूनच ते घ्यावे, हाच त्यांच्या कार्याचा वारसा आहे.