भास्कराचार्य (दुसरे)

भास्कराचार्य (जन्म : शके १०३६, इ.स. १११४) हे बाराव्या शतकातील गणितज्ञ व ज्योतिर्विद होते. सह्याद्रीच्या पायथ्याचे विज्जडविड हे त्यांचे गाव. त्याच्या स्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांचे शिक्षण वडील महेश्वर यांच्याकडे झाले. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत.

'बीजगणिता'त त्यांनी व्यवहारातील प्रश्नांवरून समीकरण मांडण्याची रीत दिली. अज्ञात राशीला ते 'यावत्तावत्' म्हणत. एका उदाहरणात एकाकडे ६ घोडे व ३०० रुपये आहेत. दुसऱ्याकडे १० घोडे असून १०० रुपये कर्ज आहे. दोघांची संपत्ती समान आहे. कर्ज ऋण संख्या मानून मांडणी केल्यास ६य + ३०० = १०य − १०० हे समीकरण मिळते. दोन्ही बाजूंतून ६य वजा करून १०० मिळवल्यास ४य = ४०० उरते. ४ ने भागल्यावर घोड्याची किंमत १०० रुपये येते.

नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात आहे. 'लीलावती'चे फैजीने इ.स. १५८७ मध्ये फारसीत भाषांतर केले.