दुरून वारा मोजायला शिकवणारे डॉप्लर

पावसाळा आला की बातम्यांमध्ये ‘डॉप्लर रडार’ हे शब्द कानावर पडू लागतात. आमच्या रुग्णालयात मात्र डॉप्लर बारा महिने असतो. पोटातल्या बाळाला नाळेतून रक्त नीट पोहोचते आहे का, हृदयाची झडप आकसली आहे का, हे पाहण्यासाठी आम्ही केसपेपरवर ‘डॉप्लर’ एवढेच लिहितो. रुग्णांना ते यंत्राचे नाव वाटते. ते एका माणसाचे आडनाव आहे आणि हा माणूस ४९व्या वर्षी क्षयरोगाने गेला.

ख्रिश्चन डॉप्लर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या ऑस्ट्रियातील साल्झबर्गमध्ये झाला. घराणे पाथरवटांचे. मुलाची प्रकृती मात्र लहानपणापासून नाजूक. छिन्नी-हातोड्याचे काम झेपणारे नव्हते, म्हणून त्यांना शिकायला घातले. व्हिएन्नात गणित शिकूनही कायमची नोकरी मिळेना. काही काळ त्यांनी सूतगिरणीत हिशेब लिहिले. १८३५ मध्ये तर सामान विकून अमेरिकेला जायची तयारी केली होती. तेवढ्यात प्रागमधून शिक्षकाच्या नोकरीचे बोलावणे आले आणि ते थांबले.

प्रागमध्येच, २५ मे १८४२ रोजी, त्यांनी मोजक्या श्रोत्यांसमोर आपला सिद्धान्त मांडला. लहर सोडणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर लहरी दाटीने पोहोचतात, दूर जात असेल तर विरळ होतात. भोंगा वाजवत येणारी रेल्वेगाडी आपल्याला ओलांडून गेली की तिचा आवाज एकदम खाली उतरतो, तो यामुळेच. डॉप्लर यांनी मात्र याच कारणाने ताऱ्यांचे रंग वेगवेगळे दिसतात असे मानले. तिथे ते चुकले. ताऱ्यांचा रंग मुख्यतः त्यांच्या तापमानावर ठरतो. मूळ नियम मात्र खरा होता.

तो पडताळला १८४५ मध्ये हॉलंडमधल्या बाइस-बॅलट या शास्त्रज्ञाने. उट्रेख्टजवळ धावत्या रेल्वेवर त्याने तुतारी वाजवणारे बसवले आणि रुळालगत सुरांची जाण असलेले वादक कान देऊन उभे केले. गाडी जवळ येताना सूर चढला, दूर जाताना उतरला. हाच बाइस-बॅलट पुढे वाऱ्यांच्या अभ्यासासाठी नावाजला गेला.

आज रेल्वेच्या जागी ट्रक आहे. अमेरिकेत ट्रकवर रडार बसवून शास्त्रज्ञ चक्रीवादळांच्या वाटेवर जातात. रडारच्या लहरी वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या पावसाच्या थेंबांवर आणि धुळीवर आपटून परततात. परतलेली लहर किती बदलली, यावरून वाऱ्याचा वेग कळतो. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमातल्या वावटळीत अशाच ट्रकने ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास वेग टिपला. तिथे मोजणीचे साधन उभे करायला गेलेला माणूस परत आला नसता.

तापमानही याच नियमाने दुरून मोजता येते. गाडीवरून नेता येणारे मोठे कर्णे आकाशाकडे आवाज सोडतात आणि वर चढणाऱ्या त्या आवाजाचा वेग रडार मोजते. हवा १ अंशाने तापली की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. म्हणजे वेग कळला की तिथल्या हवेचे तापमान कळते. फुगा सोडायला नको, मनोरा बांधायला नको.

आमच्या सोनोग्राफीत थेंबांच्या जागी रक्तातल्या तांबड्या पेशी असतात, एवढाच फरक. अडचणही सारखीच. वस्तू आडवी सरकत असेल तर लहरीत बदल दिसत नाही. म्हणून आमचे डॉक्टर हातातले यंत्र तिरके धरतात, आणि वादळाकडे शक्य तेव्हा दोन बाजूंनी दोन ट्रक रोखतात.

डॉप्लर यांना यातले काहीच पाहायला मिळाले नाही. प्रागमध्ये शेकडो विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेता घेता प्रकृती ढासळली. १८५० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात भौतिकशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल तिथे त्यांचे विद्यार्थी होते. त्याच सुमारास एका नामांकित गणितज्ञाने त्यांच्या सिद्धान्तावर जाहीर टीका केली. फुप्फुसे तोवर पोखरली होती. हवापालटाने बरे वाटेल या आशेने ते व्हेनिसला गेले आणि १७ मार्च १८५३ रोजी तिथेच वारले. मागे पत्नी आणि पाच मुले राहिली.

क्षयाचा जंतू सापडला १८८२ मध्ये आणि त्यावरचे पहिले परिणामकारक औषध १९४३ मध्ये. त्यांच्या डॉक्टरांकडे हवापालटाखेरीज फारसे काही नव्हते. आमच्याकडे आहे. माझ्या ओपीडीत मात्र आजही महिनोन्‌महिने खोकला अंगावर काढून, गावाकडे हवापालट करून आलेले रुग्ण बसलेले असतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे यांपैकी काहीही असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. नेहमीचा क्षय साधारण सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो. गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, इतकीच अट.