जाहीर नोटिशीची भाषा आणि फर्दुनजी मर्झबान

गिरगाव, लालबाग, परळ, दादर येथील जुन्या चाळी पाडून त्यांच्या जागी मनोरे उभारण्याचे काम जोराने चालू आहे, आणि त्याबरोबरच वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर बारीक टाइपातील जाहीर नोटिशींची गर्दीही वाढत चालली आहे. अमुक मिळकतीचे मालकीहक्क आम्ही आमच्या पक्षकारांच्या वतीने तपासत आहोत, ज्या कोणाची हरकत असेल त्याने चौदा दिवसांच्या आत लेखी कळवावे, न कळविल्यास त्याने आपला हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल, अशा मजकुराच्या या नोटिशी बहुधा असतात. आमच्याकडे सल्ल्यास येणाऱ्या माणसांस, ही नोटीस आपण वाचली होती काय, असे विचारले असता बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. पान पाहिले होते, पण मजकूर आपल्याच खोलीविषयी आहे हे कळले नाही, असे ते सांगतात. नोटीस मराठीतच होती. परंतु इंग्रजी मसुद्याच्या शब्दाखाली शब्द मांडून केलेली ती मराठी अशी, की तिच्यातील कर्ता कोण व क्रियापद कोठे हे शोधण्यासच चौदा दिवस पुरू नयेत.

कायद्याने देशी भाषेस मान दिलेला नाही असे नाही. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत छापावी लागते, आणि त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेचे असावे लागते. तारण मिळकतीचा ताबा घेणाऱ्या बँकेवरही २००२ च्या नियमांनी असेच बंधन घातले आहे. ज्याच्या हक्कावर गदा येणार त्याला त्याच्या भाषेत खबर मिळाली पाहिजे, हे तत्त्व आता कोणी नाकारीत नाही. पण दोन शतकांपूर्वी याच बंदरात ही गोष्ट कोणाच्या ध्यानीमनी नव्हती, आणि ती ज्यांनी आपल्या पदरच्या पैशाने व हातच्या कामाने सिद्ध करून दाखविली त्यांत फर्दुनजी मर्झबान यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. पारशी व गुजराती समाजात ते नाव घरोघर ठाऊक आहे. मराठी वाचकांस त्याची ओळख व्हावी तितकी झालेली नाही. म्हणून आजचे हे स्थळ आम्ही त्यांच्या चरित्रास देत आहो.

फर्दुनजींचा जन्म १७८७ साली सुरतेस एका मोबेद, म्हणजे अग्निपूजक उपाध्यायांच्या, घराण्यात झाला. मोगलांच्या काळी जगाचे पैसे ज्या सुरतेच्या पेढ्यांवर फिरत, ती सुरत त्यांच्या लहानपणीच उतरणीला लागली होती. तापीचा गाळ, दिल्लीची दुर्बळता आणि मुंबईच्या कोटावरील इंग्रजांच्या तोफा या तिहींनी मिळून तेथला व्यापार दक्षिणेकडे ओढून आणला, आणि व्यापारामागून माणसेही आली. फर्दुनजी १८०५ मध्ये मुंबईस कायमचे आले. अंगी घरची विद्या होती, हाती भांडवल नव्हते.

त्या वेळची मुंबई वाचकांनी डोळ्यांपुढे आणावी. १८०३ च्या फेब्रुवारीत कोटातील वस्तीला मोठी आग लागून शेकडो घरे राख झाली होती, आणि नव्याने बांधणी चालू होती. वसईचा तह होऊन फारसे दिवस झाले नव्हते. पेशवाई अजून पुण्यास होती. शहरात कोर्टही होते. १७९८ पासून रेकॉर्डरचे कोर्ट होते, व पुढे १८२४ पासून त्याच्या जागी सुप्रीम कोर्ट बसले. त्या कोर्टात इंग्रजी कायदा इंग्रजी भाषेत चाले, आणि त्याचे हुकूम ज्यांच्या घरादारांवर बजावले जात ते गुजराती, मराठी, कोंकणी, हिंदुस्थानी बोलत. वर्तमानपत्रेही होती, पण ती साहेबलोकांची. १७९० चे कुरिअर व १७९१ चे गॅझेट ही त्यांतली प्रमुख. बाकीच्या नगराला खबर मिळे ती दवंडीने किंवा पेढीवरच्या गप्पांतून. दवंडी पिटणारा गल्लीतून निघून गेला की शब्द हवेत विरून जात. ज्याने ऐकले नाही त्याला पुढे काय हुकूम होता हे दाखविणारा कागद नसे.

तथापि नोटिशीनेच देशी अक्षरांना छापखान्याचा दरवाजा प्रथम उघडला, ही गोष्ट आम्हांस फार मनोरंजक वाटते. कुरिअरच्या छापखान्यात काम करणाऱ्या एका पारशी कारागिराने गुजराती खिळे तयार केले, व त्या खिळ्यांनी १७९७ च्या जानेवारीत त्या पत्रात गुजराती जाहिरात छापली गेली. १८०२ साली त्याच पत्रात मोडी अक्षरांतील मराठी जाहिरात आली. देवाचे नाव नव्हे, काव्य नव्हे, तर जाहिरात! आणि अक्षरेही कोणती? गुजरातीत वाण्याच्या चोपडीची, मराठीत दप्तराची. शिरोरेखा असलेली बाळबोध अक्षरे पोथीची. हिशेबाची अक्षरे मोडी. छापखान्याने पोथीच्या आधी चोपडीला हात घातला, याचे कारण उघड आहे. पोथी न छापल्याने कोणाचे नुकसान होत नव्हते. लिलावाची तारीख न कळल्याने होत होते.

मुंबईस आल्यावर फर्दुनजींनी मुल्ला फिरोज यांचे शिष्यत्व पत्करले. मुल्ला फिरोज लहानपणी वडिलांबरोबर इराणास जाऊन बारा वर्षांनी परतलेले, फार्सी व अरबीचे मोठे पंडित होते. त्यांच्या हस्तलिखितांचा संग्रह आज कोटातील कामा प्राच्यविद्या संस्थेत जपून ठेवलेला आहे. या ग्रंथांची देखरेख फर्दुनजींकडे होती. पोथ्या हाताळता हाताळता त्यांनी १८०८ च्या सुमारास पुस्तके बांधण्याचा धंदा काढला, आणि १८१२ साली स्वतःचा छापखाना घातला. मुंबईत देशी माणसाने देशी भाषेसाठी काढलेला हा पहिला छापखाना होय. उपाध्यायाच्या मुलाने सरस, चामडे आणि शाई यांत हात बुडविले, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आमच्याकडे त्या वेळी व पुढेही कित्येक वर्षे छापील पुस्तकाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसे त्याला शिवत नसत, आणि गणपत कृष्णाजींना शाईत तूप घालून धर्मग्रंथ छापावे लागले. हा फरक आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावा.

फर्दुनजींनी १८१४ मध्ये विक्रम संवत १८७१ चे गुजराती पंचांग छापले. पंचांग म्हटले की आजच्या सुशिक्षितास मुहूर्त व ग्रहण आठवतात. व्यापाऱ्याला प्रथम आठवे ती हुंडी. मुदती हुंडीचा पैसा मितीवर मोजला जातो, आणि मितीला एक दिवसाचा फरक पडला की व्याजाला पडतो. त्यातून मुंबईत एकाच गल्लीत पाच वर्षे नांदत. गुजराती पेढीचे वर्ष कार्तिकात उघडे, दक्षिणेकडच्या माणसाचे चैत्रात. मुसलमान व्यापाऱ्याचे हिजरी, पारशाचे यज्दगर्दी, आणि कंपनीचे ख्रिस्ती. कंपनीच्या कचेरीने अमुक इंग्रजी तारखेला भरणा करा म्हटले, तर ती तिथी कोणती हे जोश्याला विचारावे लागे, आणि दोन जोशी दोन उत्तरे देत. छापील पंचांगाने सगळ्या शहराच्या हाती एकच कागद आला. याच शहरात १७८० चे इंग्रजी कॅलेंडर रुस्तुम केरसास्पजी नावाच्या पारशानेच छापले होते; परंतु ते साहेबांच्या उपयोगाचे. फर्दुनजींचे पंचांग बाजाराच्या उपयोगाचे होते. मराठीत छापील पंचांग गणपत कृष्णाजींनी काढले ते १८४१ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनंतर.

पंचांग वर्षातून एकदा विकले जाते. बाजार रोज हलतो. १८१३ च्या सनदेने हिंदुस्थानाशी व्यापार करण्याचा कंपनीचा मक्ता मोडला होता, १८१८ मध्ये पेशवाई बुडून देशावरचा कापूस या बंदराकडे वळला होता, आणि खाजगी व्यापाऱ्यांची जहाजे वाढली होती. अशा वेळी कोणते जहाज आले, त्यावर काय माल आहे, कोणते कधी सुटणार, ही बातमी म्हणजे रोकड रक्कमच होती. ती इंग्रजी पत्र वाचणाऱ्याला आधी कळे. बाकीच्यांना त्यांच्याकडून, आणि तीही ते सांगतील तेवढीच. १८२२ च्या जून महिन्यात फर्दुनजींनी आपल्या पत्राचे विज्ञापन काढले, आणि १ जुलै १८२२, सोमवार, या दिवशी 'मुंबईना समाचार' या साप्ताहिकाचा पहिला अंक बाहेर पडला. लहान आकाराची चौदा छापील पाने, आणि प्रारंभी सुमारे दीडशे ग्राहक. ऐन पावसाळ्यात पत्र काढण्याचे धाडस त्यांनी का केले कोण जाणे; कदाचित देशी गलबते नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्याला ओढून ठेवलेली असतात व व्यापाऱ्यास वाचावयास सवड असते, हा हिशेब असावा, असा आमचा आपला तर्क आहे.

त्या पत्रात आजच्या अर्थाने अग्रलेख फारसे नसत. जहाजांची ये-जा, नेमणुका, लिलाव, मालमत्तेची विक्री, मालाचे भाव, मृत्यू, असा मजकूर मुख्यत्वे असे. आमचे काही लेखक अशा मजकुरास रुक्ष म्हणून नाक मुरडतात. आम्हांस तसे वाटत नाही. लिलावाची नोटीस वाचून ज्या विधवेला आपल्या नवऱ्याच्या घराची बोली कधी लागणार हे आठ दिवस आधी कळले असेल, तिच्या दृष्टीने त्या चार ओळींइतका महत्त्वाचा लेख दुसरा नव्हता. कोर्टाच्या हुकमाची माहिती नव्हती ही सबब कायदा ऐकत नाही. मग माहिती पोचविण्याची जबाबदारी हुकूम काढणाराने घेऊ नये काय? फर्दुनजींनी हा वाद कोठे मांडल्याचे आम्ही म्हणत नाही. त्यांनी खिळे जुळविले, एवढेच.

हे चालले असता सरकारची नजर निवळ होती असेही नव्हे. १८२३ मध्ये कलकत्त्यास ॲडॅम यांनी परवान्याचा कायदा केला, तेव्हा त्याच्या निषेधार्थ राजा राममोहन रॉय यांनी आपले फार्सी पत्र बंद केले. हा जाच मेटकाफ यांनी १८३५ मध्ये दूर केला, तो लिटनसाहेबाने १८७८ मध्ये देशी भाषांच्या पत्रांपुरता पुन्हा आणला, व रिपन यांच्या कारकिर्दीत १८८२ मध्ये तो रद्द झाला. कायदा देशी पत्रांपुरताच का, याचे उत्तर सरळ आहे. परक्या सत्तेला इंग्रजीत केलेली टीका सोसवते, कारण ती थोड्यांना कळते.

आता आमच्या मराठी समाजाविषयी एक कटू गोष्ट लिहिणे भाग आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, म्हणजे समाचारानंतर साडेनऊ वर्षांनी, आणि १८४० मध्ये ते बंद पडले. बाळशास्त्र्यांची विद्वत्ता फर्दुनजींपेक्षा कमी होती असे कोणी म्हणणार नाही. फरक ग्राहकात होता. समाचाराला भावतावाची गरज असलेला व्यापारी मिळाला. दर्पणाला ज्ञानाची गोडी असलेला वाचक हवा होता, आणि तसा वाचक वर्गणी देण्यापेक्षा शेजाऱ्याचा अंक मागून वाचणे पसंत करतो. आमच्या लिहित्या वर्गाची दृष्टी सरकारी नोकरीकडे, पेढीकडे नव्हे. त्यामुळे मराठी पत्रांना विचार भरपूर मिळाला, जमाखर्च मात्र जुळेना.

फर्दुनजींचा जमाखर्चही शेवटी जुळला नाही, आणि त्याचे एक कारण पुन्हा कालगणनाच होते. पारशांत शहेनशाही व कदमी असे दोन पक्ष असून त्यांच्या वर्षारंभात बरोबर एका महिन्याचे अंतर आहे. इराणात पूर्वी अधिक महिना, म्हणजे कबीसा, धरला जात असे की नव्हता, यावर हा वाद. १८२० नंतरच्या दशकात त्याने मुंबईत उग्र रूप धारण केले. कदमी पक्षाचे धुरीण खुद्द मुल्ला फिरोज होते. १८३० मध्ये त्यांचा अंत झाला, पण वाद शमला नाही. ज्यांच्या पंचांगाने सगळ्या बाजाराला एका तिथीवर आणले, त्यांच्याच जमातीत एका महिन्यावरून घरे फुटली. ज्या पत्राचे ग्राहक एकाच जमातीत अधिक, त्याच्या चालकाला जमातीच्या रोषाची किंमत किती पडते, हे सांगावयास नको. आमच्याकडे पुनर्विवाहाच्या व पंचहौदाच्या चहाच्या वादांत ज्यांनी ग्रामण्य पाहिले त्यांच्या वंशजांस ते ठाऊक आहे. तशात धंद्यातही खोट आली. १८३२ मध्ये, ज्या वर्षी दर्पण निघाले त्याच वर्षी, फर्दुनजींनी पत्र व मुंबई दोन्ही सोडली आणि ते दमणास गेले. दमण पोर्तुगिजांच्या अमलाखाली होते. मुंबईच्या कोर्टाचा हुकूम तेथे चालत नसे.

पत्र मात्र चालू राहिले. त्याच वर्षी ते आठवड्यातून दोनदा निघू लागले, १८५५ मध्ये दैनिक झाले, १९३३ मध्ये कामा कुटुंबाकडे आले, आणि २०२२ साली त्याची द्विशताब्दी झाली. आशियात अखंड चाललेले सर्वांत जुने वर्तमानपत्र म्हणून त्याचे नाव घेतले जाते. हॉर्निमन सर्कलजवळच्या त्याच्या तांबड्या इमारतीवरून आमचे कोर्टात जाणारे कितीतरी वाचक रोज जात असतील.

आमचे वकीलबंधू, बँका व महानगरपालिका यांजकडे या निमित्ताने आमचे एक साधे मागणे आहे. नोटिशीचा मराठी मसुदा इंग्रजीवरून उतरवून न घेता प्रथमपासून मराठीत लिहावा. मिळकतीचा केवळ भूकर क्रमांक न देता चाळीचे चालू नाव व गल्ली द्यावी. आणि तीच नोटीस चाळीच्या जिन्यापाशी मोठ्या अक्षरांत लावावी. याला कायदा बदलावा लागत नाही, खर्चही फारसा नाही.

फर्दुनजी दमणास पंधरा वर्षे राहिले. १८४७ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. पत्र दैनिक होण्यास तेव्हा आणखी आठ वर्षे अवकाश होता.