अकरा सेकंदांची कमाई

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक गोष्ट जमा-खर्चात मांडण्याची सवय लागते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि रबर घेऊन घरातल्या घरात उडणारे विमान करायला बसलो. वडिलांनी विचारले, यातून मिळणार काय? उत्तर शोधता शोधता मला आल्फाँस पेनो भेटला.

पेनोचा जन्म १८५० साली पॅरिसमध्ये झाला. घराणे आरमारातले. त्यालाही आरमारात जायचे होते. पण खुब्याच्या दुखण्याने तो अधू झाला, कुबड्या घेऊन चालू लागला. ज्याला जमिनीवर धड चालता येईना, त्याने आकाशाचा ध्यास घेतला.

विमान उडवू पाहणाऱ्यांपुढे तेव्हा दोन मोठ्या अडचणी होत्या : हलकी शक्ती कोठून आणायची आणि हवेत तोल कसा राखायचा? पहिलीवर त्याने १८७० साली साधा उपाय काढला. रबराला पीळ द्यायचा. तो उलगडताना पंखा फिरतो. दुसरीचे उत्तर त्याने १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या ट्युइलरी बागेत जाणकारांसमोर दाखविले. त्याच्या विमानाचे वजन अवघे १६ ग्रॅम, पंखांची लांबी ४५ सेंटिमीटर. पंखांची टोके वर वळविलेली आणि मागे शेपटी, तीही मागची कड किंचित उचललेली. नाक खाली झुकले की ही शेपटी ते सावरते. विमान ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले.

माझे विमान आठ दिवस फरशीवर नाक आपटत होते. शेवटी पेनोप्रमाणे शेपटीची मागची कड कागदाच्या घडीने उचलली, आणि ते माजघर ओलांडून गेले!

१८७६ साली पेनोने पॉल गोशो या सहकाऱ्यासह माणसे नेणाऱ्या मोठ्या विमानाच्या आराखड्याचे पेटंट घेतले. त्यात आत ओढून घेता येणारी चाकेसुद्धा होती. पण भांडवल मिळेना. टीका मात्र भरपूर झाली. ऑक्टोबर १८८० मध्ये त्याने आपले आराखडे एका छोट्या शवपेटीत घालून हेन्री गिफार्ड या नामांकित संशोधकाकडे पोहोचविले आणि स्वतःचे जीवन संपविले, असे सांगतात. वय ३० वर्षे.

त्याआधी दोनच वर्षे, १८७८ साली, अमेरिकेत मिल्टन राइट यांनी आपल्या मुलांसाठी एक खेळणे घरी आणले होते. रबराच्या पिळावर उडणारे ते खेळणे पेनोच्याच रचनेवरून केलेले होते. मुलांची नावे विल्बर आणि ऑरव्हिल. १९०३ साली त्यांचे पहिले उड्डाण झाले, १२ सेकंदांचे, सुमारे ३७ मीटर.

पेनोने आपले खाते तोट्यात बंद केले. त्याचे येणे दूरदेशी जमा होत होते, एवढेच त्याला कळले नाही. मित्रहो, परीक्षेच्या एका निकालावर आयुष्याचा ताळेबंद मांडणाऱ्या आपण सर्वांनी हे ध्यानात ठेवावे.

वडिलांनी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. परवा मी विमान सोडले, तेव्हा घड्याळ हातात घेऊन सेकंद तेच मोजत होते.